कामगार बदलतो, साहेब कधी बदलतो?

1966 साली टाटांची टेल्को पुण्यात आली, तेव्हा पिंपरीचा परिसर म्हणजे खडकाळ माळ होता. जमशेदपूरचा कारखाना 1954 पासून डेमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढत होता. पुण्यातही लगेच ट्रक निघू लागतील असं कोणालाही वाटलं असतं. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. आधी मशीन टूल विभाग, म्हणजे यंत्रं घडवणारी यंत्रं. त्यांच्या जोडीला प्रशिक्षण विभाग. माळावर हजारो झाडं लावली गेली. पिंपरीतून पहिला ट्रक बाहेर पडायला 1977 साल उजाडलं.

मधल्या अकरा वर्षांत तिथं माणसं तयार होत होती. मॅट्रिक झालेली, बहुतेक शेतकरी घरांतली मुलं अप्रेंटिस म्हणून यायची. फिटरचं शिक्षण तेव्हा कसं सुरू व्हायचं आणि आजही आयटीआयमध्ये कसं सुरू होतं, ते पाहण्यासारखं आहे. हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि एक फाइल. ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासत राहायचं. काटकोन झाला असं वाटलं की गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायला सुरुवात. तळहाताला फोड येतात, इन्स्ट्रक्टर काही न बोलता ठोकळा परत देतो, आणि काही आठवड्यांनी बोटांनाच माप कळायला लागतं. अशा बोटांवर पिंपरी-चिंचवडचा उद्योग उभा राहिला. टेल्कोत शिकलेले अनेक जण पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकून टेल्कोचेच पुरवठादार झाले.

माणसं घडवण्याची इतकी हौस असलेल्या कंपनीत कामगारांशी फाटण्याचं कारण नव्हतं. तरीही फाटलं, आणि तेही रस्त्यावर.

1988 च्या अखेरीस टेल्कोचं अध्यक्षपद मुळगावकरांकडून रतन टाटांकडे आलं. त्याच सुमारास पुण्याच्या कारखान्यात राजन नायर नावाचा कामगार नेता जोरात होता. कंपनीनं त्याला बडतर्फ केलं होतं, पण कामगारांवरची त्याची पकड सुटली नव्हती, उलट घट्ट झाली होती. व्यवस्थापनानं नायरच्या संघटनेला बाजूला ठेवून दुसऱ्या संघटनेशी वेतनकरार केला. त्यावर सप्टेंबर 1989 मध्ये सुमारे 3,000 कामगार शनिवारवाड्यापाशी बेमुदत उपोषणाला बसले. सारं पुणं बघायला लोटलं. महिनाअखेरीस एका पहाटे पोलिसांनी उपोषणकर्त्यांना उचललं, आणि हळूहळू लोक कामावर परतले. कंपनी जिंकली, असं वर्तमानपत्रांनी म्हटलं.

रतन टाटांनी मात्र या विजयाचा अर्थ वेगळा लावला. कंपनीनं आपल्या माणसांना गृहीत धरलं होतं, अधिकारी आणि कामगार यांच्यातलं बोलणं आटलं होतं आणि ती पोकळी नायरनं भरून काढली, असं ते पुढे सांगत राहिले. अप्रेंटिस म्हणून आलेला पोरगा आता तिशी-पस्तिशीचा झाला होता. निगडी-चिंचवडला त्याचा संसार होता, मुलं शाळेत जात होती, शेजारच्या कंपनीत काय पगारवाढ झाली हे त्याला पैशासकट ठाऊक होतं. साहेबांच्या डोळ्यांसमोर अजून फाइल घासणारा मुलगाच होता.

कामगारवर्ग बदलतो तेव्हा ते सर्वांत आधी कळतं शिफ्टच्या बसमध्ये, कँटीनमध्ये, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. सर्वांत शेवटी कळतं संचालक मंडळाच्या खोलीत. लाइनवरचा माणूस सुपरवायझरला जे सांगतो, त्यातलं निम्मं शिफ्ट इनचार्जपर्यंत जातं. मॅनेजर त्यातलं टोचणारं काढून टाकतो आणि वर पोचतो तो नीटनेटका अहवाल. यात कोणी खोटं बोलत नाही, जो तो आपल्या वरच्याला त्रास होऊ नये एवढंच पाहतो. नेतृत्वाच्या प्रशिक्षणाबद्दल जगभर जे काही गंभीरपणे करून पाहिलं गेलं, त्याचा गाभा हे अंतर कमी करणं हाच आहे.

व्यवस्थापकांना शाळेत बसवण्याची कल्पना जुनी. जनरल इलेक्ट्रिकनं न्यूयॉर्कजवळ क्रोटनव्हिल इथं 1956 साली आपलं प्रशिक्षण केंद्र काढलं. त्याच वर्षी जेआरडी टाटांनी टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली आणि दहा वर्षांनी पुण्यात टाटांचं व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र आलं. पुढे क्रोटनव्हिलला जनरल इलेक्ट्रिकचा प्रमुख जॅक वेल्च स्वतः जाऊन वर्गात उभा राहायचा. तिथं त्याला एक गोष्ट वारंवार ऐकू यायची. लोक म्हणायचे, इथं तुमच्याशी मोकळं बोलता येतं, पण परत गेल्यावर आमचा साहेब तोंड उघडू देत नाही. यावर त्यानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘वर्कआउट’ नावाचा प्रकार सुरू केला.

त्याची रीत अशी. एखाद्या विभागातले तीस-चाळीस, कधी शंभर लोक दोन-तीन दिवस एकत्र बसणार. सुरुवातीला साहेब येऊन विषय सांगणार आणि खोलीबाहेर जाणार. मग लोकांनी आपापसांत अडचणी मांडायच्या, उपाय ठरवायचे. शेवटच्या दिवशी साहेब परत येणार आणि सर्वांसमोर उभा राहून एकेका सूचनेवर तिथल्या तिथं उत्तर देणार: हो, नाही, किंवा अमुक तारखेपर्यंत माहिती आणा. ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथल्या विमान इंजिन कारखान्यात अशाच एका बैठकीत एका व्यवस्थापकापुढे 108 सूचना आल्या. प्रत्येकीसाठी त्याच्याकडे मिनिटभराचा वेळ. आणखी मेख अशी की त्याचा स्वतःचा वरिष्ठ त्याच्या पाठीमागे बसवला होता. उत्तर देण्याआधी साहेबाच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायची सोयच नाही, बघायचं तर सर्वांदेखत मान वळवावी लागणार. अर्ध्या तासात तो घामानं निथळला. 108 पैकी 100 सूचना त्यानं मान्य केल्या. कोणत्याही वर्गात जे शिकवता आलं नसतं ते त्या दुपारी शिकून झालं. विभागाचं काम खरं कोणाला कळतं, आणि आपण आजवर किती निर्णय वरच्याच्या भुवयांवरून घेत होतो, हे त्याला कळलं असणार.

याच वेल्चची दुसरी पद्धत मात्र वादग्रस्त ठरली. दरवर्षी सर्वांची क्रमवारी लावायची आणि तळाच्या दहा टक्क्यांना निरोप द्यायचा. अमेरिकेतल्या कितीतरी कंपन्यांनी ती उचलली आणि नंतर टाकली. मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये अशी क्रमवारी बंद केली. शेजारच्या टेबलावरचा माणूस मागे राहावा ही इच्छा धरून लोक एकत्र काम करत नाहीत, हे कळायला त्यांना बरीच वर्षं लागली.

भारतात हिंदुस्तान लिव्हरनं याहून साधा आणि जास्त खडतर उपाय केला. उत्तर प्रदेशातल्या एटा इथं कंपनीची दुधाची डेअरी तोट्यात होती, कारण पुरेसं दूधच येत नव्हतं. शेतकऱ्याची गाय सुधारल्याशिवाय डेअरी सुधारणार नाही, हे ध्यानात आल्यावर 1976 मध्ये तिथं ग्रामविकासाचं काम सुरू झालं. त्या कामाला कंपनीनं आपल्या व्यवस्थापन शिकाऊंनाही जोडलं. मोठ्या संस्थांतून निवडलेल्या या तरुणांना पहिल्याच वर्षी काही आठवडे गावात, गावकऱ्याच्या घरी राहावं लागे. पुढे ज्यांनी देशभर साबण आणि चहा विकला, कारखाने चालवले, त्यांची पहिली परीक्षा हातपंपावर अंघोळ करण्याची होती. गिऱ्हाईक कळावं हा त्यामागचा हेतू होता. पण गिऱ्हाईक आणि कामगार एकाच गावातून येतात.

आता वयाचा प्रश्न घ्या. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा पॉवरट्रेनचा कारखाना आहे. 2007 मध्ये तिथल्या व्यवस्थापकांनी हिशोब केला, तेव्हा कारखान्यातलं सरासरी वय 39 होतं आणि दहा वर्षांत ते 47 वर जाणार होतं. वय वाढलं की आजारपणाच्या रजा वाढतात, वेग मंदावतो. अशा वेळी नेहमीचे दोन मार्ग असतात: म्हाताऱ्यांना लवकर घरी पाठवा, नाहीतर हलकं काम द्या. पहिला मार्ग लोकांना मान्य होणारा नव्हता, आणि दुसऱ्यासाठी एवढी हलकी कामं होती कुठं?

त्यांनी मागच्या ॲक्सलच्या गिअरबॉक्सची 42 जणांची एक लाइन निवडली आणि 2017 साली जशी वयाची सरासरी असेल तशी ती आजच भरली. इतर कामगार तिला पेन्शनरांची लाइन म्हणून हसायचे. ठरलेल्या माणसांपैकीही बरेच जण नाखूश होते. मग लाइनच्या प्रमुखांनी त्यांनाच विचारलं: काय दुखतं? आणि काय बदललं तर बरं होईल?

उत्तरं फारच साधी आली. सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून गुडघे धरतात, म्हणून लाकडी फळ्या घातल्या. काही ठिकाणी बसून किंवा टेकून काम करता यावं म्हणून केशकर्तनालयात असते तशी खुर्ची आणली. बारीक भाग नीट दिसावेत म्हणून भिंगं लावली, पडद्यावरची अक्षरं मोठी केली, हत्यारांच्या मुठी जाड केल्या, टेबलं वर-खाली होणारी बसवली. फिजिओथेरपिस्टनं ताण काढायचे व्यायाम शिकवले. असे सुमारे 70 बदल झाले. बैठकांच्या वेळेसह सगळा खर्च 40,000 युरोंच्या आसपास गेला, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं किरकोळ. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली, आजारपणाची गैरहजेरी 7 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आली. पेन्शनरांची लाइन तरुणांच्या बरोबरीला आली.

यात तंत्रज्ञान कुठलंच नवं नव्हतं. नवं होतं ते मॅनेजरनं प्रश्न विचारणं, आणि उत्तर आल्यावर पैसे मंजूर करणं.

पुन्हा पुण्याकडे येऊ. 1974 साली टेल्कोनं इंजिनिअर पाहिजेत अशी जाहिरात दिली आणि तळाशी लिहिलं की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं. पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं गेलं, नोकरी मिळाली आणि पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या. सहसा ही गोष्ट पोस्टकार्डाच्या धाडसापाशी संपते. पण साहेबांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात आणखी एक धडा आहे. जाहिरातीतलं ते वाक्य कोणा दुष्ट माणसानं लिहिलं नव्हतं. शॉपफ्लोअरवर बाई कशी काम करणार, हा प्रश्न तेव्हा कोणाला प्रश्नच वाटत नव्हता. ही समजूत बदलायला पत्र सर्वांत वरच्या टेबलावर पोचावं लागलं.

कायदाही तसाच होता. 1948 च्या फॅक्टरी कायद्यानं स्त्रियांना सायंकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात काम करायला मनाई होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या लाइनवर बाईला घ्यायचं तर ती एकाच पाळीत चालणार, मग बाकीच्यांच्या पाळ्या कशा लावायच्या? या एका अडचणीत कित्येक अर्ज बाजूला पडले. महाराष्ट्रानं 2015 च्या दुरुस्तीनं, सुरक्षिततेच्या अटी घालून, रात्रपाळीची वाट मोकळी केली.

त्याच कंपनीच्या, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोच्या, पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जिथं जुळवल्या जातात, तिथं सुमारे 1,500 महिलांची लाइन उभी राहिली. चाकणला बजाज ऑटोनं डॉमिनार 400 ही दणकट मोटारसायकल महिलांच्या लाइनवर जुळवली.

अशी लाइन चालवणाऱ्या मॅनेजरच्या कामाची यादी जुन्या मॅनेजरला ओळखू येणार नाही. टॉर्क गनचं वजन किती, ती डोक्यावर टांगता येईल का? गाडीच्या उंचीनुसार फळी किती वर हवी? बस कोपऱ्यावर सोडते की घराच्या गल्लीत? 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं सक्तीचं झालं, पण ते पाळीच्या वेळेला उघडं असतं का? एकविशीतली मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहते आहे. तिचे वडील सुपरवायझरला फोन करून विचारतात, तेव्हा त्यानं काय बोलायचं? बीएमडब्ल्यूच्या अनुभवातून इथं एक उपयोगी गोष्ट निघते: हलकी केलेली हत्यारं आणि योग्य उंचीच्या फळ्या पुरुषांच्या पाठीलाही बऱ्या पडतात.

पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात आणखी एक प्रकारचा कामगार आहे आणि त्याच्याबद्दल प्रशिक्षणवर्गात कमी बोललं जातं. त्याला ‘सात महिन्यांवाला’ म्हणतात. औद्योगिक कायद्यात 240 दिवसांच्या सलग नोकरीनं काही हक्क मिळतात, म्हणून त्याआधीच ब्रेक द्यायची चाल पडली. मुलगा सात महिने एका कंपनीत काढतो, ब्रेक मिळाला की शेजारच्या फाटकावर उभा राहतो. ज्या लाइनवर कायम कामगार आणि हा मुलगा शेजारी शेजारी तोच नट आवळतात, तिथं पगारात दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो.

हा फरक किती पेटू शकतो ते मारुतीच्या हरियाणातल्या मानेसर कारखान्यानं दाखवलं. 2011 मध्ये तिथं वारंवार संप झाले. कामगार बहुतेक आयटीआय केलेले, पंचविशीतले तरुण होते, आणि कंत्राटी व कायम यांतली दरी हा तक्रारींचा एक मोठा भाग होता. 18 जुलै 2012 ला हिंसाचार उसळला, मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला, कारखाना महिनाभर बंद राहिला. त्यानंतर कंपनीनं उत्पादनाच्या कामातली ठेकेदारी मागे घ्यायला सुरुवात केली. देशातल्या प्रत्येक वाहन कंपनीच्या बोर्डरूममध्ये त्या आठवड्यात तोच विषय होता. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. सात महिन्यांच्या चालीला ते कितपत उत्तर ठरेल, हे मुदतीचे करार कसे लिहिले जातात यावर अवलंबून राहील.

पिंपरीहून आयटी कंपन्यांचं हिंजवडी फार लांब नाही, पण तिथं साहेबाचं दुखणं उलटं आहे. इथला कामगार फाटकावर बसत नाही, तो राजीनामा टाकून निघून जातो. कोविडनंतर मागणी उसळली तेव्हा जून 2022 च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण 28.4 टक्क्यांवर पोचलं. सप्टेंबर तिमाहीत टीसीएसचं 21.5 टक्के होतं. म्हणजे मोठ्या टीममधला दर चौथा-पाचवा चेहरा वर्षात बदलणार. प्रकल्प मात्र तोच, ग्राहकही तोच.

त्याच वर्षी घरून काम करता करता दुसरी नोकरी करण्याचा प्रश्न निघाला. विप्रोचे अध्यक्ष रिशाद प्रेमजी यांनी तिला सरळ फसवणूक म्हटलं आणि 300 जणांना काढल्याचं सांगितलं. इन्फोसिसनंही आधी ताकीद दिली, पण नंतर मॅनेजरची परवानगी घेऊन, स्पर्धा किंवा हितसंबंध आड येत नसतील अशी छोटी कामं करायला वाट ठेवली. तत्त्व दोन्हींकडे एकच होतं. फरक होता तो प्रश्न कोणावर सोपवला यात. इन्फोसिसच्या वाटेनं गेलं तर निर्णय टीमच्या मॅनेजरला घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हाताखालच्या माणसाला दुसऱ्या कामाची गरज का वाटते हे विचारण्याची तयारी लागते. पैसा कमी पडतो? काम कंटाळवाणं आहे? शिकायला काही मिळत नाही? तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

अशा संभाषणाचं शिक्षण मॅनेजरला फारसं मिळत नाही. तो त्या खुर्चीवर आला तो उत्तम कोड लिहायचा म्हणून. इन्फोसिसनं म्हैसूरला 300 एकरांहून मोठं शिक्षण संकुल उभारलं, जिथं नव्यानं कॉलेजातून आलेल्यांना महिनोन् महिने शिकवतात. नवखा माणूस घडवण्याची इतकी मोठी यंत्रणा जगात थोड्याच कंपन्यांकडे असेल. बारा वर्षं अनुभव झालेल्या माणसाला पुन्हा घडवण्याचं काम मात्र बहुतेक ठिकाणी दोन दिवसांच्या कार्यशाळेत उरकतात. एखाद्या हॉटेलात, जेवणासह.

1999 मध्ये इंटरनेटचा जोर वाढला तेव्हा वेल्चनं आपल्या सुमारे 500 वरिष्ठांना सांगितलं होतं की प्रत्येकानं एक तरुण गुरू शोधावा आणि त्याच्याकडून नवं तंत्र शिकावं. स्वतः त्यानंही शोधला. एआयनं आता तीच वेळ पुन्हा आणली आहे, फक्त या वेळी शिकणाऱ्याचं आसन स्थिर नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 हून अधिक, मनुष्यबळ कमी करण्याचं जाहीर केलं. झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना ते प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे घेऊन गेली. ज्या थरानं इतरांना बदलासाठी तयार करायचं, त्याच थराला आता तयारीची गरज आहे. चाळिशी ओलांडलेला डिलिव्हरी मॅनेजर एआयची नवी साधनं शिकतो ती दोन वर्षांपूर्वी कॅम्पसमधून आलेल्या मुलीकडून, आणि वर्षअखेरीस तिचं अप्रेझल लिहिण्याचं काम अजून त्याच्याचकडे असतं.